अंतिम सामन्यापूर्वीचे नऊ दिवस : शालेय रग्बीच्या दोन कर्णधारांचे प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातील कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात असलेल्या एका खेड्यातील माध्यमिक शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो. या नोंदीत सांगितलेले प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर घडले असून त्यातील काही निर्णय माझे स्वतःचे आहेत. मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून गाव, शाळा आणि वर्ष सांगितलेले नाही. मुलांच्या संघाच्या कर्णधाराला 'र', मुलींच्या संघाच्या कर्णधाराला 'स' आणि पुढे ज्याच्याकडे मुलांचे नेतृत्व आले त्या खेळाडूला 'ध' असे म्हटले आहे.

आमची शाळा मुळात कबड्डीची. विदर्भात आमच्यासारख्या कितीतरी क्रीडाशिक्षकांवर अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या परंपरेचा ठसा आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले होते, आणि ही गोष्ट आमच्याकडे आजही अभिमानाने सांगितली जाते. शालेय क्रीडा स्पर्धांमुळे रग्बीची ओळख झाली तेव्हा मी कबड्डीतलीच मुले-मुली या खेळात उतरवली. धावणाऱ्याला पकडायचे, खाली पाडायचे आणि सुटू द्यायचे नाही, एवढे त्यांना आधीपासून येत होते. हीच जमेची बाजू पुढे एका अपघाताला कशी कारणीभूत ठरली, ते पुढे येईलच.

आम्ही खेळतो तो सेव्हन्स प्रकार, म्हणजे २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये समाविष्ट झालेले सात-सात खेळाडूंचे रग्बी. सात मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये जेमतेम दोन मिनिटांची विश्रांती असते. चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की 'ट्राय'चे पाच गुण मिळतात, त्यानंतर चेंडू एक टप्पा देऊन दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून मारता आला तर आणखी दोन, आणि पेनल्टीवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळालेल्या संधीवर, तशीच किक साधली तर तीन. हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. शाळेकडे दोनच चेंडू होते आणि गोलचे खांब आम्ही बांबूला बांबू बांधून उभे केले होते. मैदान काळ्या मातीचे, पाऊस पडला की चप्पल ओढून घेणारे आणि उन्हाळ्यात भेगांनी फाटणारे, त्यामुळे खरा सराव सोयाबीनची सोंगणी झालेल्या एका पालकाच्या वावरात फक्की मारून व्हायचा.

त्या वर्षी सतरा वर्षांखालील मुलांचा आणि मुलींचा असे आमचे दोन्ही संघ जिल्हा जिंकून विभागीय स्पर्धेत गेले. शनिवारी उपांत्य सामने झाले आणि दोन्ही संघ अंतिम फेरीत पोहोचले. त्या रात्री अवकाळी पाऊस आला, मैदानात पाणी साचले आणि रविवारचे अंतिम सामने पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी ठेवण्यात आले. हे नऊ दिवस आम्हाला मिळाले नसते, तर मी कोणता निर्णय घेतला असता याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

उपांत्य सामन्यात काय घडले

मुलांच्या सामन्याच्या दुसऱ्या डावात, साधारण चौथ्या मिनिटाला, 'र'ने समोरून येणाऱ्या उंच मुलाच्या पायात झेप घेतली. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडताना जशी झेप घेतात, अगदी तशी. रग्बीत टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडताना, आपले डोके धावणाऱ्याच्या शरीराच्या मागच्या अंगाला ठेवायचे असते. कबड्डीच्या सवयीने 'र'चे डोके पुढच्या अंगाला गेले आणि त्या मुलाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. 'र'ला उठायला थोडा उशीर लागला, तो एका गुडघ्यावर बसला, डोळे मिटून उघडले आणि माझ्याकडे पाहून अंगठा वर केला. मी त्याला खेळू दिले.

सामना संपायला आला तेव्हा आम्ही १२–१० ने पुढे होतो. वेळ संपल्यानंतर आम्हाला पेनल्टी मिळाली. अशा वेळी चेंडूला आधी पायाने हलकेच स्पर्श करून खेळ सुरू करायचा आणि मग तो मैदानाबाहेर मारायचा, म्हणजे सामना तिथेच संपतो. तसे न करता पेनल्टीवरून चेंडू थेट बाहेर मारला, तर नियमाप्रमाणे लाइनआउट, म्हणजे कडेवरून आत फेकलेला चेंडू मिळवण्यासाठी दोन्ही संघांच्या रांगांतली चढाओढ, खेळावाच लागतो. 'र' हा नियम मला तोंडपाठ म्हणून दाखवायचा. त्या दिवशी त्याने चेंडू थेट बाहेर मारला. लाइनआउटवर आमचा चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी हिसकावला आणि त्यांचा खेळाडू आमच्या गोलरेषेजवळून पाय घसरून बाहेर गेला, म्हणून आम्ही वाचलो. मी ते दडपणाखाली झालेली चूक समजलो. परंतु काळीपिवळीत बसल्यावर त्याने मला विचारले, "सर, आपन किती केले?" मी सांगितले. मैलभर गेल्यावर त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, त्याच शब्दांत आणि त्याच आवाजात. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

त्याला परस्पर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथून जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयात नेले. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, असे निदान करून पूर्ण विश्रांती सांगितली. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, न उठवता येणारी झोप, झटके किंवा हातापायांतील अशक्तपणा दिसल्यास त्वरित परत आणायचे, हेही घरच्यांना समजावून सांगितले. दोन दिवस त्याला उजेड सहन होत नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा त्याने मला जे सांगितले, ते या संपूर्ण प्रकरणाचे मूळ आहे असे मी मानतो. त्याला त्या वेळी मैदान फिरल्यासारखे वाटत होते आणि सामन्याचे शेवटचे काही मिनिट त्याला आजही आठवत नाहीत. मग सांगितले का नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "तुमीच तं म्हन्लं होतं सर, कॅप्टन शेवटपर्यंत मैदान सोडत नाई." हे वाक्य मी खरोखर म्हणालो होतो. जिल्हा स्पर्धेच्या आधी, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात.

मुलींच्या संघाची अडचण वेगळी होती. 'स' ही स्क्रम-हाफ, म्हणजे घोळक्यातून चेंडू काढून पुढच्या खेळाडूला देणारी, चेंडू कोठे जाणार हे तिला इतरांच्या आधी कळायचे. परंतु पंचांशी ती एक शब्द बोलत नसे. रग्बीत पंचांना निर्णयाचे कारण विचारण्याचा अधिकार फक्त कर्णधाराला असतो. उपांत्य सामन्यात आमच्याविरुद्ध एकाच कारणासाठी चार पेनल्टी गेल्या, आणि ते कारण काय आहे हे आमच्या एकाही मुलीला शेवटपर्यंत कळले नाही, कारण ते विचारायचे जिने, ती गप्प उभी होती. त्यात कापसाची वेचणी ऐन भरात आलेली. रविवारपासून 'स' सरावाला येणार नाही, असा निरोप तिच्या धाकट्या भावाने आणला.

समोर असलेले पर्याय

'र'च्या बाबतीत पहिला पर्याय त्याला खेळवण्याचा होता आणि तो नाकारणे वाटते तितके सोपे नव्हते. पाचव्या दिवशी तो हसतखेळत होता. त्याचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, "सर, फोटोत काईच नाई निंगालं. डॉक्टरनंच सांगतलं डोकं साफ हाय. मंग काहून बसवता पोराले?" त्यांचा मुलगा दहावीत होता, राज्य स्तरावर खेळल्यास परीक्षेत क्रीडा सवलतीचे गुण मिळण्याची आशा होती आणि कोरडवाहू पाच एकरांवर घर चालवणाऱ्या माणसाने त्या गुणांचा विचार करणे यात मला काहीही गैर वाटत नाही. शाळेच्या व्यवस्थापनातील एका ज्येष्ठ व्यक्तीनेही "निदान दुसऱ्या डावात उतरवा" असा आग्रह धरला.

त्या सर्वांना मला एक गोष्ट समजावून सांगावी लागली आणि ती मी येथेही सविस्तर सांगतो, कारण गावोगावी हाच गैरसमज आहे. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाडाचा तडा दिसतो. कन्कशन हा मेंदूच्या कामकाजातील बिघाड असल्याने तो स्कॅनमध्ये बहुधा दिसतच नाही. त्यामुळे फोटो साफ आला, याचा अर्थ मेंदूत रक्तस्राव नाही इतकाच असून, मुलगा खेळण्यास योग्य आहे असा त्याचा अर्थ होत नाही. मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा मार बसला तर वाढत्या वयाच्या मुलांमध्ये मेंदूला सूज येण्याचा, क्वचित पण जीवघेणा, धोका असतो. वर्ल्ड रग्बीच्या मार्गदर्शनानुसार शालेय आणि हौशी खेळाडूने कन्कशननंतर किमान २१ दिवस सामना खेळू नये, आणि तोवर चालणे, हलके धावणे, चेंडूसह धावणे, मग डॉक्टरांच्या संमतीने टॅकल, असे टप्प्याटप्प्याने परतावे. आमच्याकडे नऊ दिवस होते. हिशेब सरळ होता, फक्त तो मोठ्याने सांगण्याचे धैर्य लागत होते.

मुलगा खेळणार नाही हे ठरल्यावर नेतृत्व कोणाकडे द्यायचे, हा प्रश्न आला. कागदावर उपकर्णधार होता. तो आमचा सर्वांत वेगवान विंगर, आणि मी त्याला उपकर्णधार केले होते ते केवळ त्याच्या ट्रायमुळे. विंगर मैदानाच्या कडेला उभा असतो, खेळ बहुतेक वेळ त्याच्यापासून लांब चालतो आणि स्वभावानेही तो अबोल. दुसरा पर्याय मुलांकडून मतदान घेण्याचा होता. मतदानात लोकप्रियता मोजली गेली असती, आणि निवडून न आलेल्यांची नाराजी घेऊन सामन्याला जावे लागले असते. तिसरा पर्याय 'ध'चा. हा नववीतला, अंगाने किरकोळ, पण मैदानावर सतत बोलणारा आणि नियमांच्या बाबतीत माझ्याशी वाद घालणारा मुलगा होता.

'स'च्या बाबतीत सहकाऱ्यांचे म्हणणे असे होते की वेचणीला गेलेल्या मुलीला कर्णधारपदावरून काढून सरावाला येणाऱ्या मुलीला नेमावे, म्हणजे शिस्त राहील. शिस्तीचा मुद्दा मलाही पटत होता. तरी निर्णय घेण्यापूर्वी तिच्या वावरात जाऊन यावे असे मी ठरवले.

वावरातली भेट

मंगळवारी सकाळी मी गेलो तेव्हा पऱ्हाटीत सात-आठ बाया आणि मुली रांगेने वेचत होत्या. प्रत्येकीचा आपापला तास, म्हणजे पिकाची ओळ, कमरेला बांधलेल्या झोळीत कापूस, आणि बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी ओरखडलेली बोटे. 'स' मधल्या तासात होती. मी धुऱ्यावर पंधरा मिनिटे उभा राहिलो आणि त्या वेळात मला जे दिसले ते दोन वर्षांच्या सरावात दिसले नव्हते. एखादी मागे पडली की 'स' डोके वर न काढता तिचे नाव घ्यायची, फक्त नाव, आणि ती पुढे सरकायची. एखादी फार पुढे गेली की तिचेही नाव यायचे, किंचित लांबवलेल्या सुरात, आणि ती थांबून मागचे राहिलेले बोंड वेचायची. रांग मोडत नव्हती. रग्बीत बचाव करताना सात जणांनी याच रीतीने एका ओळीत पुढे सरकायचे असते आणि एकानेही घाई केली तर त्याच्या शेजारी भोक पडते. मी दोन वर्षे तिला "ओरड, मोठ्यानं ओरड" असे सांगत होतो. तिची रीत ओरडण्याची नव्हती, आणि ती रीत माझ्या रीतीपेक्षा चांगली होती.

तिच्या आईशी बोलणे झाले. "बाई, हिला पूर्ण दिवस मागत नाही, सकाळचा एक तास द्या," असे मी म्हणालो. मजूर मिळत नव्हते, पुन्हा पाऊस आला तर फुटलेला कापूस भिजला असता, त्यामुळे त्यांची अडचण खरी होती. शेवटी असे ठरले की सराव शाळेत न घेता त्यांच्याच वावरालगतच्या मोकळ्या जागेत दिवस उगवताना घ्यायचा, साडेसातला 'स' वेचणीला लागेल आणि त्या दिवशी संघातील दोन मुली तास-दीड तास तिच्या मदतीला थांबतील. त्या मुलींना मदतीला पाठवण्यापूर्वी मी त्यांच्या घरी जाऊन विचारले. हे नमूद करणे आवश्यक आहे, कारण शिक्षकाच्या सांगण्यावरून मुलींनी दुसऱ्याच्या शेतात काम करणे हे बाहेरून कसे दिसेल, याचे भान मला ठेवणे भाग होते.

कर्णधारांची तयारी

आतापर्यंत मी खेळाडूंची तयारी करून घेत होतो आणि कर्णधाराची तयारी म्हणजे त्याच्या पाठीवर थाप मारणे, असे समजत होतो. चौदा मिनिटांच्या सामन्यात कर्णधारावर खरोखर किती प्रसंग येतात याची यादी मी प्रथमच करून पाहिली. नाणेफेक, पेनल्टीवर काय करायचे, पंचांना काय आणि केव्हा विचारायचे, पिवळे कार्ड मिळून दोन मिनिटे सहाच खेळाडू उरले तर कसे उभे राहायचे, ट्राय बसल्यावर गोलखांबांखाली जमलेल्या सहा जणांना अर्ध्या मिनिटात काय सांगायचे, आणि जखमी खेळाडूला बाहेर कसे काढायचे. शेवटचा प्रसंग मी यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिला.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर आम्ही खडूने मैदान आखून त्यावर चिंचोके मांडू लागलो. सोललेले पांढरे चिंचोके आमचे, तपकिरी प्रतिस्पर्ध्यांचे, आणि पाटीवर गुणसंख्या व उरलेला वेळ. 'दोन गुणांनी मागे, चाळीस सेकंद उरले, त्यांच्या गोलपासून पंधरा मीटरवर पेनल्टी. काय करशील?' उत्तर पाच मोजेपर्यंत आणि मोठ्याने द्यायचे. 'स' पहिल्या दिवशी उत्तर देऊन खाली पाहायची, तिसऱ्या दिवशी कारणही सांगू लागली. 'ध' चटकन उत्तर द्यायचा आणि निम्म्या वेळा चुकायचा, कारण तो पाटीकडे पाहतच नसे.

डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार पाचव्या दिवसापासून 'र'ला या बैठकीत बसू दिले, तेही अर्धा तास आणि डोके दुखले तर लगेच घरी, या अटीवर. प्रश्न तो तयार करायचा. त्याने मांडलेला पहिला प्रश्न असा होता : "वेळ संपली, आपन पुढं, पेनल्टी आपली." 'ध' म्हणाला, "आधी टॅप, मंग बाहेर." 'र' काही क्षण चिंचोक्यांकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "मले माहीत होतं रे. त्या दिवशी डोक्यातच नाई आलं." त्या संध्याकाळी संघातील प्रत्येक मुलाला कन्कशन म्हणजे काय हे माझ्या व्याख्यानापेक्षा अधिक स्पष्ट कळले, याची मला खात्री आहे.

पंचांशी बोलण्यासाठी मी शिट्टी घेऊन स्वतः पंच झालो. मुद्दाम चुकीचे निर्णय दिले, कठोर चेहरा ठेवला. 'स'ने एकच वाक्य पक्के केले : "सर, पेनल्टी कशासाठी होती ते सांगाल का?" तिला हे वाक्य गावातील कोणत्याही अनोळखी पुरुषाला नजर वर करून विचारायची सवय नव्हती, आणि खेळाची कोणतीही कवायत तिला याहून अवघड गेली नाही. चौथ्या दिवशी तिने ते वाक्य न अडखळता उच्चारले.

मैदानावर सर्व मुला-मुलींना टॅकलमधील डोक्याची जागा गुडघ्यावर बसून, मग चालत, मग संथ धावत, अशी पहिल्यापासून शिकवली. हे मी पहिल्याच वर्षी करायला हवे होते. कबड्डीची पकड जशीच्या तशी रग्बीत आणली, हा दोष सर्वस्वी माझा आहे.

'ध'ला नेमताना मी एक चूक केली. निर्णय संपूर्ण संघासमोर जाहीर केला आणि उपकर्णधाराला तो तेथेच, सर्वांबरोबर कळला. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी सरावाला आला नाही. त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली आणि त्याचे स्थान विंगवरच का महत्त्वाचे आहे ते सांगितले. तो परत आला, तरी त्या सामन्यात 'ध' आणि तो एकमेकांशी मोकळेपणाने बोलत नव्हते.

अंतिम सामने

मुलींचा सामना आधी होता. पहिल्या डावात दोनदा एकाच कारणासाठी पेनल्टी गेल्यावर 'स' पंचांकडे गेली आणि तिने आपले वाक्य विचारले. टॅकल झालेल्या खेळाडूला लगेच सोडत नाही, असे पंचांनी सांगितले. तिने मागे वळून सहा जणींना तेवढेच सांगितले आणि त्यानंतर त्या कारणासाठी एकही पेनल्टी गेली नाही. दुसऱ्या डावात तीन मिनिटे उरली असताना आम्ही १०–७ ने पुढे होतो.

त्याच वेळी आमची सर्वांत चांगली धावपटू एका टॅकलनंतर उठताना लडखडली. ती पुन्हा ओळीत जाऊन उभीही राहिली होती. मी कडेला होतो आणि मधल्या गर्दीमुळे मला ते दिसले नव्हते. 'स'ने पाहिले, हात वर करून पंचांना थांबवले, त्या मुलीजवळ जाऊन तिला काहीतरी विचारले आणि माझ्याकडे वळून बदली खेळाडूची खूण केली. ती मुलगी "मी खेळतो, मी खेळतो" म्हणत होती. 'स'ने तिचे फक्त नाव घेतले, वावरात घेते तसे. ती बाहेर आली. बदली आलेली मुलगी सातवीतली होती. दीड मिनिटाने प्रतिस्पर्ध्यांनी नेमकी तिच्याच बाजूने धाव घेऊन ट्राय केला. आम्ही १०–१२ ने हरलो.

मुलांच्या सामन्याच्या आधी 'र'ने 'ध'ला बाजूला नेऊन काही सांगितले. मुलींचा सामना चालू असताना 'र' सावलीत बसून पश्चिमेच्या गोलमागच्या कडुनिंबांकडे पाहत होता आणि सूर्य त्या झाडांआड जायला किती वेळ आहे याचा अंदाज घेत होता. 'ध'ने नाणेफेक जिंकून पहिल्या डावात प्रतिस्पर्ध्यांच्या डोळ्यांवर ऊन येईल अशी बाजू मागितली. दुसऱ्या डावात आम्ही त्या दिशेला तोंड केले तेव्हा सूर्य झाडांमागे गेलेला होता. सामना आम्ही १९–७ ने जिंकला. मात्र या विजयाचे श्रेय आमच्या तयारीला देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, कारण प्रतिस्पर्ध्यांच्या एका खेळाडूला पिवळे कार्ड मिळाले आणि ते सहा जण असतानाच्या दोन मिनिटांत आमचे दोन ट्राय झाले. तयारी खऱ्या अर्थाने दिसली ती हरलेल्या सामन्यात.

त्यानंतर

बाहेर काढलेल्या मुलीला त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी दोन दिवस लक्ष ठेवायला सांगितले आणि शेवटी तिला कन्कशन नसल्याचा निर्वाळा दिला. ही बातमी गावात पोहोचली तेव्हा "उगाच काढली, नाई तं ढाल आपलीच होती" असे लोक उघडपणे बोलू लागले. काही पालकांनी 'स'च्या आईलाही ऐकवले. मी ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर जाऊन, जे होते त्या सर्वांसमोर सांगितले की कर्णधाराने निर्णय घेतला तेव्हा मुलगी लडखडत होती एवढेच तिला ठाऊक होते आणि तेवढ्या माहितीवर याहून योग्य निर्णय असू शकत नाही. डॉक्टरांना निदान करायला दोन दिवस लागले, तिच्याकडे दहा सेकंद होते. काहींना पटले, काहींना पटले नाही. 'स' चार दिवस शाळेत कोणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी ती बाहेर काढलेली मुलगी आणि ती, दोघी एका डब्यातून जेवताना दिसल्या.

'र'ला चोवीस दिवसांनी डॉक्टरांनी टॅकलची परवानगी दिली. राज्य स्पर्धा त्यानंतर होती. कर्णधारपद त्याला परत द्यावे असे मला वाटत होते, पण 'ध'ने काही चूक केलेली नसताना ते काढून घेणे अन्यायाचे झाले असते. या वेळी मी दोघांना वेगवेगळे बोलावून विचारले. 'र' बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "त्यालेच राहू द्या. मी चिंचोके लावीन." त्याचा आवाज भरून आला होता आणि तो निर्णय त्याला सोपा गेला असे मी म्हणणार नाही. राज्य स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात बाहेर पडलो. 'र' दुसऱ्या डावात बदली म्हणून उतरला आणि त्याच्या पहिल्या टॅकलच्या वेळी त्याचे वडील कडेला उभे होते. टॅकल झाल्यावर त्यांनी मला विचारले, "डोकं मांगंच होतं नं, सर?"

वेगळे काय करता आले असते

कर्णधार मैदान सोडत नाही, हे वाक्य मी बोललो नसतो तर 'र'ने अंगठा वर केला असता का, हे सांगता येणार नाही. पण गुडघ्यावर बसून डोळे मिटलेला मुलगा मी पाहिला होता आणि त्याला त्या क्षणी बाहेर काढणे माझे काम होते, त्याचे नव्हे. शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी तो परत येणार नाही, हा नियम आता सामन्यापूर्वी मी नव्हे तर कर्णधार संघाला वाचून दाखवतो. कर्णधारच जखमी झाला तर त्याला बाहेर काढण्याचा अधिकार कोणत्या दोन खेळाडूंना आहे, त्यांची नावेही तेव्हाच सांगितली जातात.

मुलींच्या राखीव खेळाडूंकडे माझे दुर्लक्ष झाले. 'स'चा निर्णय बरोबर होता, पण त्या निर्णयाची किंमत कमी करणे माझ्या हातात होते. बदली मुलगी तिच्या जागी किमान आठ-दहा वेळा सरावात खेळलेली असती, तर ती बाजू इतकी उघडी पडली नसती. बारा जणांच्या संघात सात जणांनाच सराव देणे ही आमच्याकडची जुनी खोड आहे. आता आठवड्यातून एक दिवस राखीव पाच जण आधी मैदानात उतरतात आणि मुख्य खेळाडू त्यांच्याविरुद्ध खेळतात.

वेचणीच्या दिवसांचे वेळापत्रक स्पर्धेच्या वेळापत्रकाबरोबरच ठरवायला हवे, हे गावात राहूनही मला उशिरा सुचले. यंदा जूनमध्येच मी प्रत्येक खेळाडूच्या घरी जाऊन कपाशी किती, सोयाबीन किती, सोंगणी व वेचणी साधारण केव्हा, हे वहीत लिहून घेतले आहे. 'स' आता अकरावीला तालुक्याच्या गावी जाते. रविवारी ती नव्या कर्णधार मुलीला ओट्यावर घेऊन बसते. परवा मी मागून गेलो तेव्हा खडूच्या मैदानावर एक पांढरा चिंचोका आडवा पडलेला होता आणि 'स' त्या मुलीला विचारत होती, "ही उठली, पन हिचा पाय लटपटला. आता सांग, कोनाकडं पाहशील?"